दिवा-सावंतवाडी पॅसेंजरनं चिपळूण : शनिवारी जा, रविवारी या, रिझर्वेशनशिवाय

कोकणात वीकेंडला जायचं ठरलं की पहिली अडचण रिझर्वेशनची. बुकिंग ६० दिवस आधी उघडतं (आधी १२० होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून बदललं) आणि शनिवारच्या गाड्या बघता बघता वेटिंगला जातात. हायवेनं जावं तर गाडी चालवणाऱ्याचा वीकेंड स्टिअरिंगवरच संपतो. मग पुढच्या महिन्यात बघू म्हणून प्लॅन राहतो तो राहतोच. पण ठाण्याजवळच्या दिवा स्टेशनातून रोज सकाळी साडेसहाच्या सुमाराला सावंतवाडीला एक गाडी सुटते, तिला आधी ठरवावं लागत नाही, शुक्रवारी रात्री मनात आलं तर शनिवारी सकाळी बसता येतं, आणि दुपारी बाराच्या आसपास ती तुम्हाला चिपळूणला उतरवते. तिकीट एसटीच्या निम्म्याहून कमी. हे कसं जमवायचं ते सगळं नीट सांगतो, कारण ठाणे-डोंबिवली-मुंबईतल्या कितीतरी लोकांना ही गाडी माहीतच नाही, किंवा ती फक्त गणपतीत गावाला जाणाऱ्यांची असं वाटतं.

आधी एक गोष्ट पक्की करा, बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे. पॅसेंजरचा वीकेंड परतीच्या गाडीपासून आखायचा. लोक उलटं करतात, आधी बघायच्या जागांची यादी करतात, मग जायची गाडी बघतात, आणि परतीचं तिथे गेल्यावर बघू म्हणतात. एक्स्प्रेसला ते चालतं, एक चुकली तर दुसरी असते. पॅसेंजर दिवसातून एकदाच. सावंतवाडीहून येणारी दिवा पॅसेंजर सकाळी साडेआठच्या आसपास तिकडून निघते, चिपळूणला दुपारी दीड-दोनला येते आणि रात्री आठच्या सुमाराला दिव्याला पोचते. म्हणजे शनिवारी बारा ते रविवारी दीड एवढाच वेळ तुमच्या हातात आहे, त्यात एक रात्र. एवढ्या वेळात एक गाव नीट होतं. चिपळूण, गुहागर, हेदवी, वेळणेश्वर सगळं एका वीकेंडला करणार असाल तर ही गाडी तुमच्यासाठी नाही, सरळ सांगतो, तेव्हा सोमवारची सुट्टी टाका.

वेळा मी मुद्दाम आसपास म्हणून देतोय कारण टाइमटेबल बदलत राहतं आणि पावसाळ्यात तर वेगळंच असतं. निघायच्या आदल्या रात्री एनटीईएस (गाडी कुठे आहे ते दाखवणारं रेल्वेचं अ‍ॅप) नाहीतर व्हेअर इज माय ट्रेन या अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून बघा. जाताना १०१०५, येताना १०१०६. आणि नुसती वेळ बघू नका, मागच्या तीन-चार दिवसांत गाडी किती लेट आली तेही बघा, त्यावरून खरा अंदाज येतो.

आता तिकीट. ही गाडी सगळे पॅसेंजर म्हणत असले, ती छोट्या स्टेशनांवर थांबत असली, तरी रेल्वेच्या कागदावर ती एक्स्प्रेस आहे. त्यामुळे अ‍ॅपवर तिकीट काढताना गाडीचा प्रकार विचारतात तिथे ऑर्डिनरी निवडलंत तर ते तिकीट या गाडीला चालत नाही. मेल-एक्स्प्रेस निवडायचं. दिवा-रत्नागिरी म्हणून दुसरी गाडी आहे (५०१०३, येताना ५०१०४), ती खरी पॅसेंजर, तिला ऑर्डिनरी चालतं आणि ते अजून स्वस्त पडतं. पण ऑर्डिनरी तिकिटावर एक्स्प्रेसमधे चढलात तर टीसी दंड लावणार आणि त्याचं काही चुकत नाही. म्हणून ज्याला प्लॅन बदलायची सवय आहे त्यानं मेल-एक्स्प्रेसचंच काढावं, ते पॅसेंजरलाही चालतं, उलटं चालत नाही.

तिकीट रेल्वेच्या रेलवन अ‍ॅपवर निघतं, खिडकीवर निघतं, एटीव्हीएम मशीनवर (स्टेशनातलं, आपलं आपण तिकीट काढायचं) निघतं. अनरिझर्व्ह्ड तिकिटाचा नियम असा की अंतर २०० किलोमीटर किंवा जास्त असेल तर तीन दिवस आधी काढता येतं, कमी असेल तर त्याच दिवशी काढायचं आणि तीन तासांच्या आत प्रवास सुरू करायचा. दिवा ते चिपळूण दोनशेच्या वर आहे त्यामुळे शुक्रवारी घरी बसून काढून ठेवा, पहाटे खिडकीवरची रांग वाचते. मोबाइलवरचं पेपरलेस तिकीट स्टेशनात उभं राहून निघत नाही, बाहेर असतानाच काढावं लागतं, हे फार लोकांना प्लॅटफॉर्मवर उभं राहिल्यावर कळतं. आणि ते अ‍ॅपमधेच दाखवायचं, स्क्रीनशॉट चालत नाही, मोबाइल बंद पडला तर तुम्ही विनातिकीट. त्यामुळे पॉवर बँक घ्या, किंवा सरळ कागदाचं तिकीट काढा. आईवडील वेगळ्या डब्यात बसणार असतील तर त्यांचं तिकीट कागदाचंच काढून त्यांच्या हातात द्या.

दिव्याला जागा कशी मिळते

दिव्याला सव्वापाच-साडेपाचपर्यंत पोचा. पहाटेच्या स्लो लोकल दिव्याला थांबतात, कल्याण-डोंबिवलीकडून आलात तरी तसंच. इंडिकेटर बघून प्लॅटफॉर्म नक्की करा आणि मधल्या डब्यांसमोर उभं न राहता अगदी पुढे किंवा अगदी मागे जा, कारण जिना जिथे उतरतो तिथेच निम्मी गर्दी थांबते, पुढे कोणी जात नाही. साधा शनिवार असेल आणि तुम्ही वेळेवर असाल तर खिडकी मिळायचा चान्स चांगला असतो. चौघं-पाच जण असाल तर सगळ्यांनी एकाच दारात घुसायला जाऊ नका, एकानं सामान सांभाळायचं, दोघांनी आत जाऊन बसायचं. रुमाल टाकून आठ सीट अडवायच्या भानगडीत पडू नका. या गाडीत बसणारी बहुतेक माणसं गावाला निघालेली असतात, कोणाची आई आजारी असते, कोणाचं जमिनीचं काम असतं, कोणी लेकराला आजीकडे सोडायला चाललेलं असतं. आपण फिरायला निघालोय. एखादी म्हातारी उभी असेल तर जागा आपण द्यायची, हे मला फार मनापासून वाटतं. ही गाडी आधी त्यांची आहे.

रत्नागिरी पॅसेंजर कोविडच्या आधी दादरहून सुटायची, नंतर दिव्यापर्यंतच राहिली, आणि ती परत दादरला न्या म्हणून कोकणातली माणसं सतत मागणी करतात. पहाटे किंवा भर दुपारी पेट्या-पिशव्या घेऊन दिव्याच्या जिन्यावरून चढ-उतार करणारी माणसं एकदा बघितली की ती मागणी किती रास्त आहे ते कळतं.

खिडकी कुठल्या बाजूची घ्यायची? उजवी. जातानाही उजवी आणि येतानाही उजवी, म्हणजे गाडीच्या तोंडाकडे बघून तुमचा उजवा हात जिकडे ती. जाताना गाडी दक्षिणेला जाते, सकाळचं ऊन डावीकडून पूर्वेचं येतं, उजवीकडे सावली. येताना उत्तरेला, दुपारनंतरचं ऊन पश्चिमेचं म्हणजे परत डावीकडून, उजवीकडे सावली. शिवाय जाताना उजवीकडून पश्चिमेची बाजू, खलाट्या, खाडीकडे जाणाऱ्या नद्या दिसतात आणि येताना उजवीकडून सह्याद्रीची रांग. दोन्ही बाजू बघून होतात आणि ऑक्टोबर-मार्चच्या उन्हात डोकं तापत नाही.

गाडी उभी का राहते

पनवेल सोडलं की आपटा, जिते, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे, मग रोहा. रोह्यापर्यंत मध्य रेल्वे आणि रोह्यानंतर कोकण रेल्वे सुरू होते, ती थेट कर्नाटकात मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत. पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला सुरू झाला, तो बांधला जात असताना ई. श्रीधरन कोकण रेल्वेचे प्रमुख होते. रोहा ते वीर साधारण ४७ किलोमीटर २०२१ मधे डबल लाइन झाली, त्यामुळे तिथपर्यंत गाडी बऱ्यापैकी पळते. वीरच्या पुढे सिंगल लाइन. सिंगल म्हणजे समोरून गाडी येत असेल तर एकीला स्टेशनात बाजूच्या लाइनवर थांबावं लागतं आणि थांबते अर्थातच पॅसेंजर, मागून येणारी वंदे भारत असो नाहीतर समोरून येणारी केरळची गाडी असो. यालाच क्रॉसिंग म्हणतात. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं, कधी जास्त. पहिल्यांदा जाणारा माणूस इथे चिडतो. चिडू नका, गाडी बिघडलेली नाही. स्टेशन मास्तरच्या ऑफिसाकडे लक्ष ठेवून खाली उतरा, पाय मोकळे करा, पण डब्याच्या दारापासून लांब जाऊ नका, कारण समोरची गाडी गेली की आपली लगेच सुटते, जास्त वाट बघत नाही.

आणि खरं सांगायचं तर या गाडीची सगळी मजा या थांबण्यातच आहे. सापे वामने, करंजाडी, विन्हेरे, दिवाणखवटी, कळंबणी ही स्टेशनं एक्स्प्रेसमधून नुसती पिवळी पाटी म्हणून सर्रकन जातात, नाव वाचूनही होत नाही. पॅसेंजरमधून ती गावं कळतात. करंजाडीला कोणीतरी काजूच्या पिशव्या घेऊन चढतं, विन्हेऱ्याला कॉलेजची पोरं उतरतात, कोणाला घ्यायला कोण आलंय ते दिसतं. एप्रिल-मे मधे करवंदं-जांभळं घेऊन बायका येतात, पानाच्या द्रोणात देतात, ती घ्या, त्यांच्याशी भाव करू नका. कोलाडला मालगाडीवर ओळीनं ट्रक चढवलेले दिसले तर ती रो-रो, कोलाड ते गोव्यातलं वेर्णा अशी १९९९ पासून चालते, ड्रायव्हर आपापल्या ट्रकमधे बसलेले असतात. मुलं असतील बरोबर तर त्यांना हे नक्की दाखवा, कित्येक मोठ्या माणसांनीही बघितलेलं नसतं.

दिवाणखवटीजवळ नातूवाडीचा बोगदा लागतो, चार किलोमीटरहून लांब. तो यायच्या आत घरच्यांना फोन करून घ्या, त्या सगळ्या पट्ट्यात रेंज येत-जात असते. लॉजवाल्याचा नंबर, पत्ता, तिकीट सगळं आधीच मोबाइलमधे नीट ठेवा, इंटरनेट लागेल अशा भरवशावर काही ठेवू नका.

खायचं घरून न्या. या गाडीला पँट्री नाही. स्टेशनवर वडापाव, भजी, चहा मिळतो पण आपल्याला भूक लागते तेव्हा मिळेलच असं नाही. चपाती-बटाट्याची भाजी, थालीपीठ, दशम्या असं सांडत नाही ते न्या. पाणी माणशी दोन लिटर. टॉयलेटमधलं पाणी उशिरापर्यंत टिकत नाही म्हणून एक जादा बाटली त्यासाठी, साबणाचे कागद, टिश्यू. मोठी ट्रॉली बॅग नको, एका रात्रीला पाठीवरची सॅक पुरते आणि गर्दीत तीच मांडीवर घेता येते.

उतरायचं स्टेशन आलं हे कसं कळायचं? गाडीत घोषणा होईल असं धरू नका. आधीचं स्टेशन पाठ ठेवा. चिपळूणसाठी क्रम असा, कळंबणी, खेड, अंजनी, मग चिपळूण. अंजनी गेलं की बॅगा काढायला घ्या आणि दाराकडे सरका. चिपळूणला गाडी जरा थांबते पण लहान स्टेशनांवर मिनिटभरच, आणि काही ठिकाणी प्लॅटफॉर्म इतका खाली आहे की वयस्कर माणसाला हात देऊन उतरवावं लागतं. गुडघे दुखणारं कोणी बरोबर असेल तर मोठंच स्टेशन निवडा.

चिपळूणला पोचल्यावर

स्टेशन वालोप्याला आहे, शहराच्या जरा बाहेर आणि वाशिष्ठी नदीच्या अलीकडे. गाव नदीपलीकडे. हे डोक्यात ठेवलंत तर दोन दिवसांचा प्लॅन आपोआप होतो, कारण परशुराम मंदिर आणि सवतसडा धबधबा हे दोन्ही स्टेशनच्याच बाजूला आहेत आणि गोवळकोट, बाजार, जेवणाची ठिकाणं पलीकडे. म्हणून शनिवारी पलीकडचं करायचं आणि रविवारी अलीकडचं, म्हणजे शेवटच्या तासाला नदी ओलांडून धावपळ करावी लागत नाही.

स्टेशनबाहेर रिक्षा असतात. बसायच्या आधी किती घेणार विचारा. राहायला चिंचनाका, एसटी स्टँड किंवा बहादूरशेख नाका या भागात बघा, जेवण आणि रिक्षा दोन्ही जवळ. रूम आधी फोन करून ठेवा आणि गाडी लेट होऊ शकते हे सांगून ठेवा.

दुपारी मासे खाणारे असाल तर साधी थाळी घ्या, आज खाडीचं काय आलंय ते विचारून, सोबत तांदळाची भाकरी आणि सोलकढी. व्हेज खाणाऱ्यांनी उकडीचे मोदक किंवा घावणे कुठे मिळतील ते लॉजवाल्याला विचारा, त्यांना माहिती असतं. मग तासभर झोपा. खरंच झोपा, पहाटे चारला उठलेले असता आणि दुपारच्या दमट हवेत फिरून काही हाती लागत नाही.

चारनंतर गोवळकोट. गोविंदगड हा किल्ला छोटा आहे, चढ फार नाही, लहान मुलंसुद्धा जातात. वर बुरूज, तटबंदी, तोफा, आणि खाली वाशिष्ठी वळण घेत खाडीकडे जाताना दिसते. रायगड-राजगडसारखं भव्य काही बघायला मिळेल असं मनात धरून जाऊ नका, इथे नदी बघायला यायचं. संध्याकाळच्या उजेडात ती बेटं, ती झाडी, होड्या, अर्धा-पाऊण तास नुसतं बसावं. किल्ल्याच्या पायथ्याला करंजेश्वरी देवीचं देऊळ आहे, शिमग्यात इथली पालखी आणि शेरणे (जमिनीत पुरलेला नारळ) काढायचा सोहळा बघायला लांबून माणसं येतात. नदीत मगरी आहेत, भरपूर आहेत, त्या दाखवायला बोटीही जातात. तुमचं तुम्ही पाण्याच्या कडेला उतरू नका आणि मुलांना तर अजिबात उतरू देऊ नका.

एखाद्याला पुस्तकांची आवड असेल तर लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर बघा, १८६४ सालचं वाचनालय आहे, पुरांनी पुस्तकांचं फार नुकसान केलं तरी लोकांनी ते परत उभं केलं. चिपळूणला पूर म्हणजे काय ते बाहेरच्याला कळत नाही. २२ जुलै २०२१ ला बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं, चिपळूण आणि कामथे यांच्या मधे जो वाशिष्ठीवरचा रेल्वेपूल आहे तिथे पाणी वाढल्यामुळे गाड्या बंद कराव्या लागल्या होत्या. दुकानदाराशी, रिक्षावाल्याशी बोलताना तो विषय निघाला तर ऐकून घ्या, फोटो दाखवा म्हणून मागे लागू नका.

रविवारी सकाळी सातला रूम सोडायची, सामान बरोबर घ्यायचं, आणि रिक्षा ठरवून परशुरामाला जायचं. मंदिर परशुराम घाटात वरच्या अंगाला, पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकरांचं नाव या देवस्थानाशी जोडलेलं आहे, बाजीराव पेशव्यांचे गुरू ते. सकाळी गर्दी नसते, आवारात गार असतं, थोडा वेळ बसा. घाटातून वाशिष्ठीचं खोरं दिसतं ते काल किल्ल्यावरून बघितलं त्याच्या उलट बाजूनं. पावसाळा किंवा पावसानंतरचे पहिले आठवडे असतील तर सवतसडा करा, जानेवारीनंतर तिकडे पाणी फारसं नसतं, तेव्हा तो वेळ नाश्त्याला द्या. साडेबाराला स्टेशनवर या. दीडची गाडी म्हणून सव्वाला येऊ नका.

कारण येताना जागा मिळणं हाच या सगळ्यातला कठीण भाग आहे आणि ते मी लपवणार नाही. गाडी सावंतवाडीहून भरत येते, कुडाळ, कणकवली, रत्नागिरी, आणि रविवारी चिपळूणला येईपर्यंत बहुतेक सीट गेलेल्या असतात. खेडला, वीरला, माणगावला थोडे उतरतात, तेव्हा बसायला मिळतं, पण तासभर तरी उभं राहायची तयारी ठेवा. तरुण मुलामुलींना काही नाही. लहान बाळ किंवा सत्तरीचे आईवडील असतील तर जाताना पॅसेंजर आणि येताना जनशताब्दीचं सेकंड सिटिंग असं करा, ती चिपळूणला संध्याकाळी येते आणि वेळही जास्त मिळतो, फक्त तेवढं एक रिझर्वेशन आधी करून ठेवावं लागतं. एका बाजूचंच तिकीट शोधायचं असेल तर मिळण्याची शक्यताही वाढते.

कधी जाऊ नये

गणपतीच्या आधीचा आठवडा आणि गौरी-विसर्जनानंतरचे दिवस, शिमगा, मे महिन्याचे शनिवार-रविवार, दिवाळी. तेव्हा ही गाडी चाकरमान्यांना पुरत नाही, दारात लटकून माणसं जातात, त्यात आपण पर्यटक म्हणून भर घालू नये. सगळ्यात चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा छान, शेतं कापलेली, पहाटे धुकं.

पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं टाइमटेबल असतं, जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, गाड्यांचा वेग कमी केलेला असतो, कडे कोसळण्याच्या जागांवर चोवीस तास माणसं गस्त घालतात. भर पावसात छत्री-बत्ती घेऊन रुळांवरून चालणारा ट्रॅकमन दिसला तर लक्षात ठेवा की त्याच्यामुळे आपण सुखरूप जातोय. तेव्हा प्रवास अतिशय सुंदर होतो पण सोमवारी सकाळी ऑफिसात महत्त्वाची मीटिंग असेल तर जुलैच्या वीकेंडला जाऊ नका, दरड आली तर गाडी कुठे थांबेल त्याचा नेम नाही. दारात उभं राहून बोगद्यात हात बाहेर काढायचे, रीळ करायचे हे प्रकार कुठल्याच ऋतूत नकोत.

चिपळूण नको असेल तर

वीर. हे स्टेशन महाडला जवळ, गाडी साडेदहाच्या आसपास येते, गोरेगाव रोड गेलं की उतरायची तयारी. तिथून महाड, चवदार तळं (२० मार्च १९२७ चा सत्याग्रह जिथे झाला ते), मग पाचाडला मुक्काम आणि रविवारी सकाळी लवकर रायगड, पायी किंवा रोपवेनं. परतीची गाडी वीरला चिपळूणहून दोनेक तास उशिरा येते त्यामुळे रविवारही मोठा मिळतो. ज्यांनी रायगड बघितलेला नाही त्यांनी चिपळूणच्या आधी हेच करावं असं माझं मत.

संगमेश्वरसाठी कडवईनंतर उतरायचं. कसब्याला जा, १६८९ मधे संभाजी महाराज इथेच पकडले गेले, कर्णेश्वराचं दगडी मंदिर इथेच आहे, कोरीवकाम बघायला दोन तासही कमी पडतात. राजवाडी आणि तुरळ इथे गरम पाण्याची कुंडं. पण परतीची गाडी दुपारी साडेबारा-एकलाच येते म्हणून रविवार जवळजवळ जातो, शनिवारीच कसबा करून घ्या.

रत्नागिरीसाठी दुपारची दिवा-रत्नागिरी वापरता येते, सव्वातीन-साडेतीनला दिव्याहून सुटते आणि रात्री दहाच्या सुमाराला पोचवते. तिची परतीची जोडी रत्नागिरीहून पहाटे साडेपाचच्या आसपास निघते, वीकेंडवाल्याला ती वेळ जमत नाही. त्यापेक्षा शुक्रवारी अर्धी सुट्टी टाकून रत्नागिरी पॅसेंजरनं जा, शनिवार पूर्ण मिळवा आणि रविवारी दुपारी सावंतवाडी-दिवा पकडून या. या रस्त्यावर उक्षी ते भोके मधे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे, रात्री जाताना कळणार नाही, रविवारी येताना दिवसा मिळेल. कणकवली-कुडाळ-सावंतवाडी मात्र पॅसेंजरनं दोन दिवसांत करू नका, अकरा-बारा तास जायला आणि तेवढेच यायला, खाली उतरून करणार काय.

येताना शेवटचं एवढं बघा. नवी मुंबईत, हार्बर लाइनवर राहणाऱ्यांनी दिव्यापर्यंत बसून राहू नये, पनवेलला सातच्या सुमाराला उतरून तिथून लोकल घ्या, तास वाचतो. दिव्याला उतरून पुढे लोकलनं जाणाऱ्यांनी तिकीट आधीच चिपळूणहून काढताना थेट ठाणे-दादर असं शेवटच्या स्टेशनापर्यंतचं काढा, कारण रविवारी रात्री आठला सगळी गाडी एकदम उतरते आणि दिव्याच्या तिकीट खिडकीवर ती सगळी रांगेत उभी असते.